ओट्याच्या गाण्यात मगर

वाचकाचं पत्र:
आमचा बडोद्यातला पाच जणांचा बँड आहे, गाणी मराठी. सहा गाणी रेकॉर्ड करून तयार आहेत. नेहमीसारखे व्हिडिओ करायचे नाहीत. फाईन आर्ट्सच्या मुलांना एकेक गाणं द्यायचं आणि त्यांना जे सुचेल त्याचा छोटा चित्रपट करू द्यायचा, असं ठरवलं. सगळे मिळून १,२०,००० रुपये जमवले आहेत. पण पहिल्याच बैठकीत वाजलं. 'ओटा' हे आमचं गाणं दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याच्या ओट्यावर बसणाऱ्या आजीवर आहे. ते जिने निवडलं ती मुलगी केरळची. ती म्हणाली, "मला यात विश्वामित्री नदीतली मगर दिसते." आमचा गीतकार उठून गेला. तो म्हणतो, स्टोरीबोर्ड पास केल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. ढोलकीवाला म्हणतो, द्यायचं तर पूर्ण मोकळं सोडा. स्टुडिओचे पैसे माझ्या काकांनी भरले होते, त्यांचं म्हणणं एवढंच की गाणं बिघडू नये. मोकळीक किती द्यावी? आणि कागदावर काय घ्यावं?
गायक-गिटारवादक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर:
स्टोरीबोर्ड पास करायला मागू नका. पडद्यावर काय दिसेल ते पूर्णपणे तिच्यावर सोडा. मात्र गाण्याचा आवाज, पैसे, तारखा, हक्क आणि माणसांची सुरक्षितता या पाच गोष्टी कामाला हात लागण्याआधी कागदावर बांधून घ्या. कुंपण छोटं आणि पक्कं असावं, आणि आतल्या वाफ्यात तुम्ही पाय ठेवू नये.

सगळ्यात जास्त नुकसान अर्ध्या मोकळिकीने होतं. 'तुला हवं ते कर' म्हणायचं आणि दर रविवारी 'जरा दाखव ना' म्हणायचं, यात करणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच कळतं की शेवटी परीक्षा आहे. मग तो पास होणारी चित्रं काढतो. पाच जण स्टोरीबोर्डभोवती बसले की ज्याला कुणाचीच हरकत नाही तेवढंच उरतं: आजी, तुळस, समई, उन्हाची तिरीप. असे व्हिडिओ शेकड्याने आहेत. त्यात वाईट काही नसतं, पण गाण्याला त्यातून नवं काही मिळत नाही.

तुमच्या गीतकाराचा राग आम्हाला समजतो. शब्द त्याचे आहेत, आजी बहुधा त्याचीच असेल. पण ओटा गाण्यात आधीच आहे, ऐकणाऱ्याला तो शब्दांतून दिसतो. कॅमेऱ्यानेही तोच दाखवला तर एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते. आता मगरीकडे बघा. हिवाळ्यात सकाळी ऊन चढलं की मगर काठावर येते आणि जबडा उघडा ठेवून तासन् तास पडून राहते. पापणीही हलत नाही. नदी पुढून वाहत असते. दुपारची जेवणं झाल्यावर ओट्यावर येऊन बसलेलं म्हातारं माणूस आणि पुढून जाणारा रस्ता आठवा. शिवाय ऑगस्ट २०२४च्या पुरात मगरी वस्त्यांमध्ये शिरल्या होत्या, हे बडोद्यात कुणाला सांगायला नको. ओटा आणि मगर एका चौकटीत येणं या गावात अशक्य कोटीतलं नाही. तिच्या मनात हेच असेल असं आमचं म्हणणं नाही, आणि तुम्हीही तिला हे ऐकवू नका. सुचलेल्या गोष्टीचा अर्थ दुसऱ्याने आधीच लावून दिला की ती तिथेच थांबते.

हा प्रयोग याआधी झालेला आहे. आइसलँडच्या सिगुर रोस या बँडने २०१२ मध्ये एका अल्बमसाठी डझनभर दिग्दर्शकांना प्रत्येकी १०,००० डॉलर दिले आणि सूचना एकही दिली नाही. सगळ्यांना रक्कम सारखी. एकाच गाण्यावर एकाहून जास्त चित्रपट झाले, आणि ते एकमेकांशी मुळीच जुळत नव्हते. तुमच्याकडेही दोघांनी एकच गाणं मागितलं तर दोघांना द्या. आणि इतक्या लांब कशाला, आपल्याकडच्या रागमाला चित्रांत तोडी म्हणजे वीणा घेतलेली बाई आणि तिच्याजवळ आलेली हरणं. सुरांत हरिण कुठेच नाही, तरी चित्र पाहिल्यावर ते खोटं वाटत नाही.

तुमची आवडनिवड वापरायची जागा एकच, माणूस निवडताना. तिथे मात्र कंजुषी करू नका. प्रत्येकाची आधीची दोन-तीन कामं मागवा आणि एकदा आवाज बंद करून बघा. आवाज गेल्यावर चित्र उभं राहतं का? एक शॉट संपून दुसरा येतो तेव्हा त्याला काही कारण आहे, की नुसता ताल पडला म्हणून कापलंय? एखादा शॉट गरजेपेक्षा दोन सेकंद जास्त धरायची हिंमत दिसते का? मग त्यांनी पूर्ण केलेलं सगळ्यात लांब काम कोणतं ते विचारा. सुरू केलेलं पुरं करणारा माणूस चांगल्या कल्पनेच्या माणसापेक्षा जास्त उपयोगी पडतो. गाणी वाटून देऊ नका, सहाही ऐकवा आणि प्रत्येकाला पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहायला सांगा. १८८६ पासून गाणं शिकवणारी आणि १९५० पासून चित्र-शिल्प शिकवणारी, अशा दोन्ही संस्था तुमच्या हाकेच्या अंतरावर आहेत. चित्रकार, शिल्पकार, छापाचित्रं करणारी मुलंही बोलवा. कॅमेरा चालवणारा त्यांना सापडेल.

पैशांचा हिशेब असा करा. १,२०,००० मधले २०,००० बाजूला काढा. ते बँडच्या हातात राहतील: हार्ड डिस्क, शेवटचं आवाजाचं मिश्रण, सबटायटल आणि अचानक येणारा खर्च यासाठी. उरलेल्या एक लाखात सहा चित्रपट करू नका, चार करा, प्रत्येकी २५,०००. साडेसोळा हजारांत माणूस आधी जेवणखाण आणि रिक्षा-टेम्पोत काटकसर करतो, मग मित्र दुसऱ्या दिवशी शूटिंगला येत नाहीत आणि चित्रपट अर्ध्यावर राहतो. उरलेली दोन गाणी पुढच्या वर्षी. रक्कम सगळ्यांना सारखी ठेवा, 'तुझ्यात ॲनिमेशन आहे म्हणून जास्त' असं सुरू केलं की तुम्ही कल्पनांना भाव लावू लागता. सही झाली की ६० टक्के, म्हणजे १५,०००. फायली हातात आल्या की १०,०००. मधला हप्ता ठेवू नका. मधला हप्ता म्हटला की त्यासाठी काहीतरी दाखवावं लागतं आणि तपासणी मागच्या दाराने आत येते.

आता आवाज. काकांची काळजी इथेच मिटते, म्हणून जरा सविस्तर.

दिग्दर्शकाला एमपीथ्री कधीच देऊ नका. एमपीथ्री बनताना फाईलच्या सुरुवातीला थोडी शांतता चिकटते, साधारण २५ ते ५० मिलिसेकंद. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. म्हणजे संकलन एमपीथ्रीवर केलं आणि शेवटी मूळ फाईल लावली, की ओठ आणि शब्द एका फ्रेमने हलले. बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. स्टुडिओतून ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह फाईल काढून घ्या. व्हिडिओचा आवाज ४८ वर चालतो. रेकॉर्डिंग ४४.१ वर झालं असेल तर बदल स्टुडिओतच, मूळ सेशनमधून, एकदाच करून घ्या. चार जणांनी चार सॉफ्टवेअरांत तो करायला नको.

पूर्ण गाण्याबरोबर सुटे ट्रॅकही द्या: आवाज, ढोलकी आणि ताल, बास, गिटार, हार्मोनियम. सगळे एकाच शून्यापासून सुरू होणारे आणि एकाच लांबीचे, मधे वाद्य गप्प असलं तरी. नाहीतर ते परत जुळवण्यात कुणाचीतरी रात्र जाते. गाण्याच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमएवढी टूं वाजणारी एक प्रतही द्या, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरात सुरुवात एका नजरेत जुळते.

लय लिहून द्या. गाणं क्लिकवर, म्हणजे कानात ठरावीक टिकटिक ठेवून, वाजवलं असेल तर सोपं. लय मिनिटाला १०० मात्रांची असेल तर मात्रा ०.६ सेकंदाची, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशेबात नेमक्या १५ फ्रेम. लय ९६ असेल तर मात्रा १५.६२५ फ्रेमची होते. संकलकाने १५-१५ फ्रेमवर कापायला घेतलं तर आठ मात्रांच्या एकाच आवर्तनात चित्र ढोलकीच्या ५ फ्रेम पुढे पळतं. आणि गाणं क्लिकशिवाय वाजवलं असेल, भजनी ठेक्यात शेवटाकडे लय चढली असेल, तर ढोलकीवाल्याला बसवून प्रत्येक समेची वेळ मिनिट-सेकंदात लिहून घ्या. एका बैठकीचं काम आहे. तो कागद दिग्दर्शकाने वापरलाच पाहिजे असं नाही. समेला न कापता समेच्या आधी कापणं हाही निर्णय असतो, पण सम कुठे आहे हे माहीत असलं तरच तो निर्णय ठरतो.

कुणी संथ गतीत गाणारा माणूस दाखवणार असेल, म्हणजे शूटिंग ५० फ्रेमने आणि चित्रपट २५ फ्रेमचा, तर सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवावं लागतं आणि ओठही दुगुनीत हलवावे लागतात. पडद्यावर हालचाल संथ दिसते आणि शब्द मात्र जुळतात. मागितल्यास ती दुगुनीची फाईलही स्टुडिओकडून काढून द्या. बडोद्यात ट्यूबलाइट किंवा रस्त्याच्या दिव्याखाली शूटिंग असेल तर २५ फ्रेम आणि १/५० शटर धरायला सांगा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, भलत्या शटरवर दिवे लुकलुकू शकतात.

शब्दांचा कागदही द्या, कारण केरळच्या मुलीला मराठी येईलच असं नाही. प्रत्येक ओळीचा सरळ शब्दार्थ लिहा. 'ओटा म्हणजे दाराबाहेरचा उंच बसायचा कट्टा', इतकंच. 'इथे कवीला एकाकीपण सुचवायचं आहे' असलं काही लिहू नका. हे काम गीतकाराला द्या. शब्दार्थ नेमका हवा ही त्याचीच काळजी आहे, आणि ती योग्य जागी लागेल.

गाण्याला हात किती लावू द्यायचा, हे चौघांसाठी एकच ठरवा. आमचं मत: गाण्याआधी आणि नंतर प्रत्येकी एक मिनिटापर्यंत त्यांचा स्वतःचा आवाज, शांतता, बोलणं, काहीही चालेल. गाण्यावर पावसाचा, रस्त्याचा, नदीचा आवाज हलका घालता येईल. गाणं मधेच थांबवणं, कडवं गाळणं किंवा ओळ दोनदा वाजवणं यासाठी मात्र गीतकार आणि संगीतकार दोघांची लेखी हो लागेल. ओळींचा क्रम बदलला की अर्थ बदलतो. प्रताधिकार कायद्याच्या ५७व्या कलमाने, आपल्या कृतीत मानाला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर हरकत घ्यायचा हक्क कर्त्याकडे राहतो, बाकी हक्क दुसऱ्याला दिले असले तरी. लक्षात घ्या, तोच हक्क उद्या त्या मुलीलाही तिच्या चित्रपटाबद्दल असू शकतो.

आता हक्कांकडे येऊ. एका गाण्यात तीन वेगळे प्रताधिकार असतात: शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आणि रेकॉर्डिंग ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन करवलं त्याचं. काकांनी नुसते पैसे दिले की स्टुडिओ, वादक, सगळं त्यांनी ठरवलं? उत्तर काहीही असो, त्यांच्याकडून एका पानावर सही घ्या की रेकॉर्डिंगचे हक्क बँडचे आहेत, किंवा या चित्रपटांत ते वापरायला त्यांची परवानगी आहे. गीतकार किंवा संगीतकार आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद असतील तर सभासदत्वाच्या कागदात कोणते हक्क संस्थेकडे दिलेत ते आधी वाचा. सहा गाण्यांत एखादा जुना अभंग असेल तर तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण चाल कुणा अलीकडच्या संगीतकाराची असेल तर ती नाही. कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं मोजावी लागतात.

चित्रपट कुणाचा, इथे बहुतेक बँड चुकतात. १९५७च्या प्रताधिकार कायद्याचं १७वं कलम म्हणतं की मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्रपट केला, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक पैसे देणारा. तुम्ही २५,००० दिले आणि काहीच लिहिलं नाही, तर त्या मुलीचा चित्रपट तिच्या आणि तुमच्याही नकळत तुमचा होऊ शकतो. मोकळीक देणाऱ्यांच्या हातून व्हायला नको ते हेच. म्हणून स्पष्ट लिहा की चित्रपटाची मालकी दिग्दर्शकाची. बँडला तो आपल्या चॅनेलवर, कार्यक्रमात मागे पडद्यावर आणि प्रसिद्धीसाठी दाखवायचा परवाना. दिग्दर्शकाला गाणं या एका चित्रपटापुरतं, महोत्सव, प्रदर्शन आणि स्वतःचं काम दाखवण्यासाठी वापरायचा परवाना. जाहिरातीला किंवा ब्रँडला दोघांपैकी कुणी एकट्याने देणार नाही. पैसे आलेच तर निम्मे-निम्मे.

परवाना तोंडी चालत नाही, लेखी लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, वेगळं ठरवलेलं नसेल तर. म्हणून 'संपूर्ण जगासाठी, प्रताधिकाराच्या पूर्ण मुदतीसाठी, आणि एका वर्षात वापर न झाल्यासही परवाना चालू राहील' हे शब्द घाला. दोन पानांत सगळं बसतं. वकिलाला एकदा वाचायला द्या. मुलगी हे काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करणार असेल तर विभागाचे काय नियम आहेत तेही तिला आधी विचारून घ्यायला सांगा.

करारात आणखी एक गोष्ट असावी, आणि या उत्तरातलं आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं हेच: नाकारायचं दार ठेवा, दुरुस्तीचं ठेवू नका. चित्रपट तयार झाल्यावर तो तुमच्या चॅनेलवर नको असं वाटलं तर तुम्ही तसं म्हणू शकता. पण मग दिग्दर्शकाला पूर्ण पैसे मिळतील, चित्रपट तिचा राहील, आणि गाण्याचा परवानाही तिच्याकडे राहील. 'हे जरा बदल' म्हणायचा हक्क मात्र तुम्हाला नाही. नाकारणं महाग असलं की माणूस विचार करून नाकारतो. दुरुस्ती फुकट असते, म्हणून तिला अंत नसतो.

सुरुवातीला एक बैठक करा. तिच्याबरोबर गाणं चांगल्या स्पीकरवर दोनदा ऐका, ती विचारेल तेवढ्याचीच उत्तरं द्या. नंतर बँडमधला एकच जण तिच्याशी बोलेल असं ठरवा, आणि तो गीतकार नको, ढोलकीवालाही नको. दोघांची मतं आधीच ठरलेली आहेत. व्हॉट्सॲपवर सगळ्यांचा ग्रुप करू नका. रात्री अकराला पाठवलेला 'सहज सुचलं म्हणून' असा मेसेजही सूचनाच असते. चित्र पूर्ण कापून झालं की एकदा, दोघांनी, दोन दिवसांच्या आत बघायचं आणि फक्त इतकंच तपासायचं: कुणाच्या जिवाला किंवा अब्रूला धक्का आहे का, कायद्यात अडकेल असं काही आहे का, गाणं ठरल्याप्रमाणे आहे का, नावं बरोबर लिहिली आहेत का, दुसऱ्याचं फुटेज, छायाचित्र किंवा अक्षरवळण परवानगीशिवाय आलंय का. 'आवडलं नाही' हा मुद्दा या यादीत नाही.

मगरीबद्दल मात्र तुम्हाला बोलावंच लागेल. इथे कुंपण आहे. नदीच्या काठावर कुणीही उतरायचं नाही, पहाटे किंवा संध्याकाळी तर नाहीच. पुलाच्या कठड्यावरून, ३०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्सने, हिवाळ्यातल्या उन्हात. मगर १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मांस टाकून तिला जवळ बोलावणं किंवा हुसकावून हलवणं हे त्या कायद्याच्या व्याख्येत शिकारीतच मोडतं. 'थोडी हलली असती तर' हा मोह कॅमेऱ्यामागे होतोच, म्हणून करारात एक ओळ घाला. पाळीव प्राणी घेऊन, त्यांच्याकडून काही करवून घेऊन शूटिंग करायचं असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची आधी परवानगी लागते. आणि तिने कागदाच्या लगद्याची मगर केली, तर यातलं काहीच लागत नाही, पण तो निर्णय तिचा.

ड्रोन हवा असेल तर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर जागा तपासल्याशिवाय उडवायचा नाही. हरणीचा विमानतळ शहराला लागून आहे. १४-१५ जानेवारीला तर नाहीच, आकाशात मांजा असतो. लक्ष्मी विलास पॅलेस खासगी मालकीचा आहे आणि चांपानेर पुरातत्त्व खात्याकडे, दोन्हीकडे परवानगीला वेळ लागतो. कॅमेऱ्यात ओळखू येणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती घ्या, मुलं असतील तर पालकांची. ओटा खराखुरा दाखवला गेला तर वाडामालकाचीही.

वेळ सहीपासून चौदा आठवडे द्या. परीक्षा आणि नवरात्र टाळून मोजा. नवरात्राचे नऊ दिवस बडोद्यात ना माणूस मोकळा सापडतो ना शांत रस्ता. पावसाळ्यात विश्वामित्रीवर अवलंबून काही ठरवू नका.

फायली आल्या की उरलेले पैसे देण्याआधी एक तपासणी करा. मूळ वेव्ह फाईल चित्रपटाच्या आवाजाखाली ठेवा आणि दोन्ही एकदम वाजवा. सुरुवातीला, मध्यावर, शेवटी ऐका. आवाज एकच वाटला तर ठीक. पुढे जाता जाता घुमायला लागला तर फ्रेमचा वेग कुठेतरी बदललाय. २३.९७६ आणि २४ यांतला फरक चार मिनिटांत पाव सेकंदाएवढा होतो, म्हणजे सहा फ्रेम. २४ फ्रेमचा चित्रपट कुणी नुसता २५ने पळवला तर चार मिनिटांचं गाणं तीन मिनिटं पन्नास सेकंदांत संपतं आणि पट्टी जवळपास पाऊण अर्धस्वराने चढते. पांढरी एकला गायलेलं गाणं काळी एकच्या उंबरठ्यावर येतं. हे तिला परत पाठवायचा हक्क तुम्हाला पूर्ण आहे, कारण ही चूक आवाजातली आहे. बघा, दुरुस्ती म्हणजे नेमकी कोणती, ते इथे कळतं.

मागून घ्यायचं ते: प्रोरेस ४२२ एचक्यू या उच्च दर्जाच्या व्हिडिओ प्रकारातली मास्टर प्रत, फुल एचडीत चार मिनिटांना साधारण ५.५ जीबी, अक्षरांशिवायची एक स्वच्छ प्रत, आणि सबटायटलची वेगळी फाईल. सबटायटल पुन्हा गीतकारानेच तपासावीत. दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा.

प्रकाशनाआधी दोन अडचणी येतील. तुमच्या वितरकाने गाणी यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (कुणी गाणं वापरलं की आपोआप ओळखणारी यंत्रणा) टाकली असतील तर मुलीने स्वतःच्या चॅनेलवर चित्रपट टाकताच तिच्यावर दावा येईल. तिचं चॅनेल परवानगीच्या यादीत घालायला वितरकाला आधीच सांगा, आदल्या रात्री सांगून होत नाही. दुसरं म्हणजे महोत्सव. आधी इंटरनेटवर आलेले चित्रपट बरेच महोत्सव घेत नाहीत. तिला ते करायचं असेल तर गाणं तुमच्या तारखेला निघू द्या आणि चित्रपट सहा महिने थांबवा. तोपर्यंत तीस सेकंदांचा तुकडा चालेल, आणि तो तुकडा कुठून कापायचा ते तिने ठरवायचं. तुम्ही स्वतः कापून रील करू नका.

या आठवड्यात दोन कामं करा. काकांकडे जाऊन ते एक पान सही करून आणा. आणि गीतकाराकडे 'ओटा'च्या शब्दार्थाचा कोरा कागद घेऊन जा. तो रागावलेला असेल, तरी द्या. पहिली ओळ त्याच्यासमोर बसून लिहायला लागा, एखादा शब्द चुकेल, आणि तो पेन मागेल.